पाठ असलेला हात

परक्या माणसाने पाडलेलं भोक मास्तरांना अंगठा आत घालताच कळलं. डोळ्यांनी बघायचीसुद्धा गरज पडली नाही. अंगठा आत गेला, भिंतीला टेकला, आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेकीचं लॉकर त्यांनी उघडलं होतं ते चांगल्या मनाने, हे सांगायला हवं. उद्या सकाळी दहा पिना पाडायच्या बोलिंगच्या महिला संघाची निवड. गेल्या दोन निवडींत भिंगरी थोडक्यात हुकली होती आणि संघाच्या बाईंनी या वेळी स्पष्टच सांगितलं होतं, यंदा जमलं नाही तर पुन्हा बोलावणार नाही. तेव्हा म्हटलं, आज दुपारी हॉल रिकामा आहे, तिचा नेहमीचा बॉल काढावा, छान घासूनपुसून ठेवावा, सकाळी तिने बॅग उघडली की कळू दे बापाने काय केलंय ते. लॉकरच्या सगळ्या चाव्यांचा जुडगा मास्तरांकडेच असे. दार उघडलं तर आत जुना बॉल होताच, पण त्याच्या पुढ्यात निळा बॉल बसला होता. तो निळा बॉल, जो त्यांनी स्वतः तिच्या वाढदिवसाला दिला होता, कोरा, एकही भोक नसलेला. "निवडीला लेनवर तेल कसं घालणार ते कळू दे, मग आपण पाडू," असं ठरलं होतं. आपण! आणि आता त्याला तीन भोकं होती, दोन बोटांची आणि एक अंगठ्याचं. गुळगुळीत, बेशरम, परकी.

"कुणी पाडली?" मास्तर लॉकरला म्हणाले. लॉकर काय बोलणार.

मास्तरांना सगळा हॉल भोकमास्तर म्हणत असे. तोंडावर नुसतं मास्तर, पाठीमागे पूर्ण नाव. लेनच्या मागच्या बाजूला, बूट ठेवायच्या खोलीला लागून त्यांची एवढीशी खोली होती. एक ड्रिल मशीन, एक शिकंजा, भिंतीवर हत्यारं, आणि सगळीकडे रंगीबेरंगी भुसा. तो त्यांच्या भुवयांत असे, चहाच्या कपात असे, बायकोचं म्हणणं की त्यांच्या उशीतही असे. हाताचं काम असं की बोट ठेवायला जागा नाही. तोंडाचं काम मात्र उलट. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या खोलीत शिरणारं गिऱ्हाईक आधी दारातून त्यांचा चेहरा बघे आणि मग ठरवे, आज विचारायचं की उद्या.

आता हे भोकांचं प्रकरण काय आहे ते थोडं सांगतो, नाहीतर मास्तर एवढे का पेटले ते कळायचं नाही. बॉलच्या पोटात एक जड गोळा असतो आणि त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे हे दाखवणारा एक ठिपका बॉलवर असतो. फेकणाऱ्याच्या हातातून बॉल सुटला की तो एका आसाभोवती फिरतो. त्या आसाचं टोक, म्हणजे बॉलवरची जी जागा फिरता फिरताही जागची हलत नाही ती, तिला सगळे अॅक्सिस म्हणतात. प्रत्येकाची अॅक्सिस वेगळी, जशी प्रत्येकाची चाल वेगळी. भोकं अशा हिशेबाने पाडायची की ठिपका अॅक्सिसपासून पाहिजे तेवढ्याच अंतरावर यावा. लांब ठेवला तर बॉल घसरत घसरत दूर जातो आणि उशिरा वळतो. जवळ आणला तर लवकर वळायला लागतो. बॉल ज्या लाकडी लेनवरून पिनांकडे जातो तिच्यावर तेल घालतात. ते थोडं असेल तर ठिपका लांब. तेल भरपूर, लांबपर्यंत ओढलेलं असेल तर ठिपका जवळ, नाहीतर बॉल तेलावरून साबणाच्या वडीसारखा सरळ निघून जायचा. एवढंच शास्त्र. बाकी सगळा हात आणि नजर.

आणि भिंगरीची अॅक्सिस मास्तरांना पाठ होती. ती शाळेत असताना त्यांनी ती काढली होती, तिच्या पहिल्या खऱ्या बॉलसाठी. तेव्हापासून तिचा प्रत्येक बॉल त्यांनीच पाडला. मोजपट्टी काढायची त्यांना कधी गरज पडली नाही. "पोरीचा हात मला झोपेत उठवून विचारा," असं ते कौतुकाने सांगत. तिच्या अंगठ्याचं मापही तसंच, पाठ.

निळा बॉल त्यांनी आपल्या खोलीत आणला आणि ते त्यावर वाकले. डोळ्यांनीच त्यांनी तिची अॅक्सिस धरली, तिथून ठिपक्यापर्यंत अंतर धरलं, आणि त्यांचा उरलासुरला तोल गेला.

ठिपका लांब होता. चांगला लांब. अनामिकेच्या भोकाच्याही वर.

"अरे, कुठल्या गाढवाने पाडलंय हे!"

हा आवाज लेनवर तेल घालायचं यंत्र फिरवणाऱ्या तेलमामांनी पार दुसऱ्या टोकाला ऐकला. तेलमामा हे मास्तरांच्या बरोबरीचे, शांत गृहस्थ. हात पुसत पुसत ते खोलीच्या दारात आले.

"काय झालं? कुणाचं बोट अडकलं का?"

"उद्या तेल कसं घालणार आहेस?" मास्तरांनी उलट विचारलं.

"बाईंचा निरोप आलाय. लांब आणि जाड. बॉलला पार शेवटापर्यंत कोरडी जागा मिळायची नाही."

"ऐकलंस? जाड तेल! आणि हे बघ. माझ्या मुलीच्या बॉलचा ठिपका बघ कुठे नेऊन ठेवलाय. हा बॉल वळणारच नाही. आला तसा जाईल आणि कोपऱ्यातल्या दोन पिना पाडून परत येईल. निवड गेली पाण्यात!"

तेलमामांनी बॉल फिरवून पाहिला. "पुलापलीकडे भोकं पाडायचं दुकान टाकलेल्या त्या पोराचं काम दिसतंय. तो कॅमेरा लावून बघतो म्हणतात, बॉल कसा फिरतो ते."

"कॅमेरा लावू दे नाहीतर कपाळाला दिवा लावू दे! मी तिचा बाप आहे. मला कॅमेरा लागतो का?"

"पण मास्तर," तेलमामा जपून म्हणाले, "काल संध्याकाळी ती याच बॉलने खेळत होती. मी असंच जाड तेल घालून बघत होतो, तिला म्हटलं टाक दोन-चार. चांगला जात होता. खरंच सांगतो, बऱ्याच दिवसांनी मी तिचा बॉल पिनांत असा जोरात शिरताना पाहिला."

आगीत तेल ओतणं म्हणतात ते हेच, आणि ओतणारा माणूस तर त्याच धंद्यातला. मास्तर असे काही वळले की तेलमामा एक पाऊल मागे सरले.

"तू तेल घाल! बॉलमधलं तुला काय कळतं? काल तिला माझ्याआधी तुला दाखवावंसं वाटलं, होय ना? सगळ्यांना माहीत होतं, फक्त बापाला नाही. चल, नीघ इथून."

तेलमामा निघाले. अशा वेळी निघायचं असतं हे त्यांना पुष्कळ वर्षांच्या सवयीने माहीत होतं.

मास्तरांनी दार आपटलं. रागाने माणसाचे हात थरथरतात, मास्तरांचे उलट स्थिर होत. त्यांनी बॉल शिकंज्यात आवळला. ठरलं. भोकं बुजवायची. आत्ता रसायन ओतलं तर संध्याकाळपर्यंत दगड होईल, मग नव्याने पाडायची, बरोबर जागी, ठिपका जवळ आणून. सकाळी ती बॅग उघडेल तेव्हा अंगठा आत घालेल आणि तिला कळेल. ओरडेल, रडेल, भोकाड पसरेल, पसरू दे. संघात गेली की कळेल बाप काय होता ते.

दोन बाटल्यांतलं रसायन त्यांनी कपात ओतलं आणि काडीने ढवळायला घेतलं. ढवळता ढवळता त्यांचं तोंड चालूच होतं. गेले दोन हंगाम काय कमी सोसलं होतं? तिचा बॉल लेनवरून निघायचा झोकात आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याच्यातला जीव जायचा, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा. पिना नुसत्या डोलायच्या. "मनगटात दम नाही तुझ्या," मास्तर सगळ्यांदेखत म्हणायचे. मग तिला मदत व्हावी म्हणून पुढच्या बॉलला ठिपका आणखी जवळ आणायचे. तरी तेच. त्याच्या पुढच्याला आणखी जवळ. तरीही तेच. एवढं सगळं केलं, आणि पोरीने बापाला अंगठा दाखवून पूल ओलांडला.

रसायन दाटायला लागलं. ओतण्याआधी भोकाच्या कडेला पट्टी चिकटवावी लागते आणि पट्टी चिकटायची तर बॉल स्वच्छ हवा. मास्तरांनी फडकं उचललं.

आणि फडकं हातातच राहिलं.

निळ्या बॉलवर कालच्या तेलाचे वळे तसेच होते. बॉल लेनवरून फिरत जातो तेव्हा जिथे जमिनीला टेकतो तिथे तेल लागतं, एकाशेजारी एक अशा बारीक गोल रेघा उमटतात, त्यांनाच वळे म्हणतात. भिंगरीने काल बॉल पुसला नव्हता. ही तिची लहानपणापासूनची वाईट खोड, यावरून त्यांनी तिला किती बोलणी घातली होती.

भिंगरीचा पहिला वळा अंगठ्याच्या भोकाला जवळजवळ खेटून जातो. मास्तरांना ते डोळे मिटून दिसत असे. हा वळा खेटून जात नव्हता. तो भोकांपासून पार खाली सरकला होता, दोन बोटं तरी. लहान होता. दुसऱ्याच कुणाचा होता.

"तेलमामाने फेकून बघितला असेल," मास्तर मोठ्याने म्हणाले. आणि त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. तेलमामांचा अंगठा या भोकात गेला असता तर बाहेर काढायला डॉक्टर लागला असता.

त्यांनी खडूची पेन्सिल घेतली. पहिल्या वळ्यापासून सगळीकडून सारखं अंतर घेत घेत मधली जागा काढली. हे काम त्यांनी हजारो लोकांसाठी केलं होतं, स्वतःच्या मुलीसाठी एकदाच. फुली मारली. मग पाठ असलेल्या जागी दुसरी फुली मारली.

दोन फुल्यांच्या मध्ये मास्तरांची दोन बोटं मावली.

त्यांनी नव्या फुलीपासून ठिपक्यापर्यंत पट्टी लावली. अंतर बरोबर आलं. जाड, लांब तेलासाठी त्यांनी स्वतः जेवढं ठेवलं असतं, अगदी तेवढंच.

त्यांना भयंकर राग आला. कुणावर, ते ठरेना. त्यांनी लॉकरमधून तिचा जुना बॉल ओढून आणला आणि दिव्याखाली धरला. बॉल रोज फिरून फिरून ज्या पट्ट्यावर झिजतो तो पट्टा शोधायला त्यांना वेळ लागला नाही, कारण तिथे दोन पट्टे होते. एक भोकांजवळ, पुसट. दुसरा खाली, खोल, ताजा. हा बॉल त्यांनी कितीतरी वेळा पॉलिश केला होता. दर वेळी हा खालचा पट्टा त्यांच्या हाताखालून गेला होता आणि दर वेळी ते पॉलिश करता करता तिच्या मनगटाला नावं ठेवत होते.

हात बदलला होता. आणि ते ठिपका जवळ आणत होते, आणखी जवळ, तिच्या जुन्या हाताच्या हिशेबाने. बॉल अर्ध्या वाटेतच वळून दमत होता, आणि तो त्यांनी दमवला होता.

दार उघडलं.

भिंगरी औषधांच्या दुकानातून थेट आली होती, कामावरचा पांढरा कोट अंगात तसाच. तिने आधी उघडं लॉकर पाहिलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. मग तिने शिकंजा पाहिला. शिकंज्यातला निळा बॉल पाहिला. रसायनाचा कप पाहिला.

"बुजवलंत," ती म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडलं, पण ती थांबली नाही. या घरात राग एकट्या बापाच्या वाट्याला आला नव्हता.

"बुजवलंतच शेवटी! उद्या माझी निवड आहे, बाबा! मला माहीत होतं, तुम्हाला कळलं की हेच करणार. म्हणून लपवलं. चोरासारखी पूल ओलांडून गेले, स्वतःच्या बापाचं दुकान सोडून! काय वाटलं असेल मला? पण तुम्हाला काय त्याचं, तुमचं नाव राहिलं ना!"

"भिंगरी—"

"भिंगरी म्हणू नका! शाळेतली मुलगी आहे का मी? तुम्हाला शाळेतल्या मुलीचा हात पाठ आहे. तिच्यासाठी बॉल पाडता, तिच्यासाठी ओरडता. ती कधीच गेली, बाबा. ती खेळत नाही. मी खेळते!"

"हात बदलला," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाजही चढला, त्याला दुसरी वाटच माहीत नव्हती. "हात बदलला तर सांगायचं नाही? मला स्वप्न पडणार होतं?"

"सांगितलं होतं!"

"कधी?"

"दोन हंगामांपूर्वी माझा काळा बॉल पाडलात तेव्हा. म्हटलं, अंगठा अडकतोय, दुखतोय. तुम्ही काय म्हणालात? सांगा ना. सगळं पाठ असतं तुम्हाला."

मास्तरांना आठवलं. खोली भरलेली होती, गिऱ्हाइकं उभी होती. ते म्हणाले होते, भोकाला नावं ठेवू नकोस, हाताला ठेव. सगळे हसले होते. भिंगरीही हसली होती.

"मग पुन्हा नाही सांगितलं," ती म्हणाली. "अंगठा तिरका करून बाजूने सोडवायला शिकले. तसा सोडला की कमी दुखतो. हात बाजूने फिरायला लागला, बॉल मरायला लागला. तुम्ही म्हणालात दम नाही. मलाही तेच खरं वाटलं. दोन हंगाम मला खरं वाटत होतं, बाबा! पुलापलीकडच्या त्या मुलाने एकदा बॉल फेकायला लावला आणि म्हणाला, ताई, तुमच्या मनगटात जोर आहे, मापं कुणाची घेतली होती? मला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर तुमची अब्रू गेली असती."

तिला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा तिला संताप येत होता. कोटाच्या बाहीने तिने नाक पुसलं, शिकंज्यापाशी गेली आणि खात्री करून घ्यावी म्हणून भोकात बोट घातलं.

बोट आत गेलं. तिने दुसऱ्या भोकात घातलं, मग अंगठ्याच्या.

तिने कपाकडे पाहिलं. रसायन कपातच घट्ट झालं होतं. काडी मधोमध उभी होती, तिला आता कुणी हलवू शकलं नसतं.

"मग हे काय करत होतात?" तिने विचारलं. राग गेला नव्हता, पण त्याला आता बसायला जागा उरली नव्हती.

मास्तरांनी बॉलवरच्या दोन फुल्यांकडे बोट केलं. ती खेळाडू होती, समजावून सांगायची गरज नव्हती. तिने एका फुलीवरून दुसऱ्या फुलीपर्यंत बोट फिरवलं.

"त्याने बरोबर पाडलाय," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडातून दात उपटावा तसं निघालं. मग घाईने म्हणाले, "फक्त अंगठ्याची कड धारदार ठेवलीय. थोडी घासून देतो."

"नाही."

"अगं, दोन मिनिटांचं—"

"बॉलला हात लावायचा नाही."

मास्तर पेटले. मान ताठ झाली, नाकपुड्या फुगल्या. त्यांच्या खोलीत, त्यांच्या शिकंज्यात, त्यांनी दिलेल्या बॉलला त्यांनी हात लावायचा नाही! तोंडात शब्द आला. भिंगरी बघत होती. ती भिऊन बघत नव्हती, वाट बघत होती, जणू काय येणार ते तिला माहीतच होतं. मास्तरांनी तो शब्द गिळला. त्यांना अशा गोष्टींची सवय नव्हती.

त्यांनी शिकंजा सैल केला. बॉल तिच्या हातात दिला.

"बॉलला नाही लावत," ते म्हणाले. "हात दे."

"कशाला?"

"माप घेतो."

भिंगरी हलली नाही. मग बॉल तिने एका काखेत धरला आणि उजवा हात पुढे केला, सरळ, अनोळखी दुकानात करतात तसा.

भिंतीवर मापाची कडी टांगलेली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, ज्यात अंगठा घालून बघायचा. मास्तरांनी न बघताच हात मागे नेला आणि एक कडं काढलं. तिचं कडं. ते त्यांनी तिच्या अंगठ्यावर चढवलं. पेरापर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांनी जरा दाबलं. भिंगरीने श्वास आत ओढला, पण हात मागे घेतला नाही. पेराशी कातडी जाड आणि लाल झाली होती, गोल, कड्याच्याच आकाराची.

"हेच," भिंगरी म्हणाली. "हेच भोक."

मास्तरांनी ते कडं काढून घेतलं. या वेळी ते भिंतीकडे वळले आणि चष्मा लावला. पुढचं कडं घातलं. तेही अडकलं. त्याच्या पुढचं घातलं. ते पेरावरून सहज खाली गेलं आणि सहज वर आलं.

मास्तरांच्या ओठांवर सवयीने जुनाच आकडा आला होता. त्यांनी तो थांबवला. कडं दिव्याखाली धरलं, त्यावर कोरलेला आकडा पाहिला आणि वाचला. ज्या माणसाचा आवाज लेनच्या पार दुसऱ्या टोकाला जात असे, त्याचा आवाज समोरच्या माणसालाही ऐकू गेला नाही.

"ऐकू नाही आलं," भिंगरी म्हणाली. हात तिने अजून पुढेच धरला होता. "मोठ्याने वाचा, बाबा."